‘जनावरंसुद्धा असं करत नाहीत’ हे कितपत खरं?

एखाद्या निर्घृण खुनाची बातमी आली की दोन दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं. कधी मोर्चातल्या भाषणात, कधी वाहिनीवरच्या चर्चेत, कधी शेजारच्या काकूंच्या तोंडून: ‘जनावरंसुद्धा असं करत नाहीत हो!’ त्यामागचा संताप खरा असतो आणि तो असायलाच हवा. पण वाक्यातली माहिती तपासायला गेलं तर ती टिकत नाही. प्राणी आपल्याच भाईबंदांना मारतात. काही प्राण्यांमध्ये तर मरणाचं ते एक मोठं कारण आहे.

मग माणूस आणि जनावर सारखेच का? तसंही म्हणता येत नाही. कोण कुणाला मारतं, कधी मारतं आणि त्यातून त्याच्या पदरात काय पडतं, हे बारकाईने पाहिलं की माणसाच्या काही हत्यांना निसर्गात जोड सापडते आणि काहींना अजिबात सापडत नाही. ज्यांना जोड सापडत नाही, नेमक्या त्याच हत्यांचं समर्थन आपल्याकडे सगळ्यात मोठ्या आवाजात होतं. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा असं मला वाटतं.

एक गोष्ट आधी ठरवून घेऊ. ज्यांच्यात आपसात पैदास होते अशा प्राण्यांच्या गटाला प्रजाती म्हणतात. वाघाने चितळ मारलं तर ती शिकार झाली, कारण चितळ वेगळ्या प्रजातीचं. आपल्यापुढचा प्रश्न वाघाने वाघाला मारण्याचा आहे.

## हा समज आला कुठून?

ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं. ते जगभर वाचलं गेलं. पुढे १९७३ मध्ये त्यांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: लांडग्यासारख्या धारदार दातांच्या प्राण्यांमध्ये आपल्याच प्रजातीच्या प्राण्याला ठार न करण्याचा उपजत आवर असतो. हरणारा शरण आल्याची खूण करतो, जिंकणारा थांबतो. माणसाला निसर्गाने मुळात घातक दात-नखं दिली नव्हती, म्हणून त्याच्यात असा भक्कम आवर तयार झाला नाही. मग हातात हत्यार आलं आणि घात झाला.

यातलं अर्धं खरं आहे. बहुतेक झुंजी जिवावर बेतत नाहीत. शेताच्या बांधावर एकमेकींना वेटोळे घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी दिसल्या की लोक त्यांना नर-मादी समजतात. बहुतेक वेळा ते दोन नर असतात आणि एकमेकांना जमिनीवर दाबायचा प्रयत्न करत असतात. ज्याला दाबलं तो निघून जातो. जखमी होण्यात जिंकणाऱ्याचाही तोटा असतो, त्यामुळे अंगावर धावून जाणं, आवाज काढणं, ताकद जोखणं यावरच पुष्कळदा भागतं.

उरलेलं अर्धं मात्र चुकीचं ठरलं. त्याचं कारण साधं आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून वर्षभर रोज दोन तास बसा. भांडणं दिसतील, एखादी हाणामारीही दिसेल, पण खून जवळजवळ नक्कीच दिसणार नाही. एवढ्यावरून ‘या शहरात खून होत नाहीत’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. प्राण्यांच्या अभ्यासकांची अवस्था बरीच वर्षं अशीच होती. जंगलात जाऊन महिनोन्‌महिने एकाच कळपामागे फिरण्याची पद्धतच विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुजली. निरीक्षणाचे तास वाढले तशा हत्या दिसू लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी हाच मुद्दा मांडला: पाहणाऱ्याने सारखाच वेळ दिला, तर कित्येक प्राण्यांत माणसांपेक्षा जास्त हत्या दिसतील.

लोरेन्झ यांच्या लांडग्यांचंच पाहा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून लांडगे पुन्हा आणून सोडले आणि त्यांच्यावर सतत नजर ठेवली. तिथल्या लांडग्यांच्या नैसर्गिक मृत्यूचं सर्वांत मोठं कारण दुसऱ्या टोळीतले लांडगे हे आहे.

## धारवाडचे वानर

या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती आपल्या अगदी शेजारी, धारवाडला.

काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर आपल्याला देवळांत, गडांवर, घराच्या कौलांवर सवयीचे आहेत. युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळच्या जंगलात या वानरांच्या टोळ्यांमागे फिरत होते. या टोळीत साधारणपणे एक मोठा नर, अनेक माद्या आणि त्यांची पिल्लं असतात. बाकीचे नर वेगळा घोळका करून बाहेर भटकतात आणि संधीची वाट पाहतात. १९६२ च्या उन्हाळ्यात अशा नरांच्या घोळक्याने एका टोळीवर हल्ला केला. जुना नर हुसकला गेला. पुढे नव्या नरांपैकी एकाने बाकीच्यांनाही हाकललं आणि टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर त्याने आयांच्या अंगावर पिणारी पिल्लं चावून मारायला सुरुवात केली. काही आठवड्यांत टोळीत एकही तान्हं पिल्लू उरलं नाही.

सुगियामांनी दुसऱ्या एका टोळीतला नर मुद्दाम बाजूला काढून पाहिला. शेजारच्या टोळीचा नर आला आणि तिथेही तेच घडलं.

हे वाचून अनेक शास्त्रज्ञांनी नाक मुरडलं. जंगलं तुटतायत, वानरांची गर्दी झालीय, त्यामुळे त्यांचं डोकं फिरलंय, हा आजार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७१ मध्ये सारा ब्लॅफर हर्डी ही अमेरिकी विद्यार्थिनी माउंट अबूला आली तीही हीच समजूत घेऊन. काही वर्षं तिथल्या टोळ्या पाहिल्यावर तिचं मत पालटलं. पिल्लं मरत होती ती गर्दी झाली म्हणून सरसकट नव्हे. बाहेरून नवा नर आला की मरत होती.

का, याचं उत्तर क्रूर आहे पण समजायला अवघड नाही. पिल्लू अंगावर पीत असेतोवर वानरी पुन्हा माजावर येत नाही. नव्या नराच्या हाती टोळी सरासरी दोन-सव्वादोन वर्षंच राहते, मग त्यालाही कुणीतरी हाकलतं. आधीच्या नराची पिल्लं मोठी होईपर्यंत तो थांबला तर त्याची स्वतःची पिल्लं जन्मून वाढायला वेळच उरत नाही. पिल्लू मेलं की आई लवकर माजावर येते. वानर हे सगळं बसून मोजत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण ज्या नरांच्या अंगात ही प्रवृत्ती होती त्यांची संतती जास्त उरली आणि तिच्याबरोबर प्रवृत्तीही उरली.

हर्डी यांच्यावर पुढची दोन दशकं टीका होत राहिली. मग नेपाळमधल्या रामनगर इथल्या वानरांची जनुकीय तपासणी झाली. १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष आले: पिल्लांवर हल्ला करणारा नर एकाही तपासलेल्या प्रकरणात त्या पिल्लाचा बाप नव्हता.

या कथेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. वानरी हे मुकाट्याने सोसत नाहीत. त्या एकत्र येऊन नराच्या अंगावर जातात. गाभण असलेली मादी माजावर आल्यासारखं वागून नव्या नराशी संबंध ठेवते, म्हणजे होणारं पिल्लू आपलंच असेल असा त्याचा समज राहतो. अबूच्या एका टोळीत एक म्हातारी वानरी होती. स्वतःला पिल्लं होण्याचं तिचं वय उलटलं होतं, टोळीत तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. तीच दुसऱ्यांच्या पिल्लासाठी पुन्हा पुन्हा त्या धिप्पाड नराला भिडत होती.

## वाघ-सिंहांचं काय?

तोच हिशेब. नवे नर कळपात आले की सिंहाचे छावे मारले जातात, हे आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत वर्षानुवर्षांच्या नोंदींतून पक्कं झालंय. गीरमध्ये सिंहिणींनी त्यावर उपाय काढलाय: त्या आसपासच्या अनेक नरांशी जुळवून घेतात, त्यामुळे छाव्यांचा बाप कोण याचा कुणालाच पत्ता लागत नाही आणि छावे वाचतात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे मांडलं.

ताडोब्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. हद्दीसाठी होणाऱ्या झुंजीत वाघ मेल्याच्या, नव्या नराने बछडे मारल्याच्या बातम्या चंद्रपूरकडून येतच असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये चिमूर तालुक्यात ‘छोटा मटका’ आणि ‘बजरंग’ या दोन नावाजलेल्या नरांची झुंज झाली आणि बजरंग मेला. अशा वेळी ‘वनखातं काय करत होतं?’ असा प्रश्न विचारला जातो. झुंज सोडवणं हे वनखात्याचं काम नाही आणि ते शक्यही नाही. वाघांना पांगायला जंगल पुरेसं आहे का, एका जंगलातून दुसऱ्यात जायचे मार्ग रस्ते आणि खाणींनी तोडलेत का, हे विचारणं जास्त गरजेचं आहे. झुंज नैसर्गिक असली तरी जागेची कोंडी आपण केलेली आहे.

संशोधकांनी २०१४ मध्ये सस्तन प्राण्यांच्या २६० प्रजातींचा आढावा घेतला तेव्हा ११९ प्रजातींत नरांनी पिल्लं मारल्याच्या नोंदी मिळाल्या. माद्याही मागे नाहीत. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात मीरकॅट नावाचे मुंगसाच्या कुळातले प्राणी राहतात. त्यांच्या टोळीची मुख्य मादी इतर माद्यांची पिल्लं मारते, म्हणजे सगळी टोळी तिच्याच पिल्लांच्या दिमतीला राहते.

## ‘पिल्लं मारणं वेगळं. दबा धरून मोठ्याला मारणं माणूसच करतो ना?’

१९७४ पर्यंत बहुतेकांचं हेच मत होतं. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडाल १९६० पासून चिंपांझींचा अभ्यास करत होत्या. (ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या वारल्या.) पहिली दहा वर्षं त्यांनाही चिंपांझी माणसापेक्षा सौम्य वाटत होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या ओळखीच्या त्या मोठ्या टोळीत फूट पडली. थोडे नर आणि माद्या दक्षिणेकडे जाऊन राहू लागले. उत्तरेकडच्यांना कासाकेला आणि दक्षिणेकडच्यांना कहामा अशी नावं पडली.

७ जानेवारी १९७४ ला कहामातला गोडी नावाचा नर झाडावर एकटाच खात बसला होता. कासाकेलाचे आठ चिंपांझी आवाज न करता त्यांची हद्द ओलांडून आले. गोडी पळाला, पण सापडला. एकाने त्याला जमिनीवर दाबून धरलं आणि बाकीचे दहा मिनिटं मारत, चावत राहिले. हिलाली मटामा या स्थानिक साहाय्यकाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. जखमी गोडी पुन्हा कुणालाही दिसला नाही.

पुढच्या चार वर्षांत कहामाचे सगळे नर असेच एकेक करून संपले. त्यांच्यात गोलायथ नावाचा म्हातारा नर होता. मारणाऱ्यांबरोबर तो कित्येक वर्षं राहिला होता, त्यांनी एकमेकांच्या अंगातल्या उवा काढल्या होत्या. त्यालाही सोडलं नाही. पुढे कासाकेलाच्या टोळीला ती जिंकलेली जमीनही पुरती राखता आली नाही, कारण त्याही पलीकडे आणखी एक दांडगी टोळी होती.

यात जेवण नव्हतं, अचानक उडालेलं भांडण नव्हतं. संख्या जमवून, गुपचूप जाऊन, एकट्याला गाठून केलेली हत्या होती. गुडाल यांनी लिहून ठेवलंय की त्या काळात रात्री जाग आली की ही दृश्यं त्यांच्या डोळ्यांपुढे येत.

## ‘माणसांनी केळी खायला घातली म्हणून ते बिघडले’

हा आक्षेप गंभीर होता. चिंपांझी जवळ यावेत म्हणून गोंबेच्या छावणीत सुरुवातीला केळी ठेवली जात. त्यावरून मारामाऱ्या वाढल्या हे गुडाल यांनीही मान्य केलं होतं. तेव्हा हत्यांचं मूळही तिथेच असेल का?

याचा निकाल लावायला बरीच ठिकाणं आणि बरीच वर्षं हवी होती. २०१४ मध्ये मायकेल विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या चिंपांझींच्या १८ टोळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या. डोळ्यांनी पाहिलेल्या, पुराव्यावरून ताडलेल्या आणि संशयास्पद मिळून १५२ हत्या निघाल्या, त्या १८ पैकी १५ टोळ्यांत. मारणाऱ्यांपैकी ९२ टक्के नर होते. हल्लेखोर आणि बळी यांचं प्रमाण साधारण आठास एक. केळी घालणं, जंगलतोड, माणसांचा वावर यांचा हत्यांच्या संख्येशी मेळ बसला नाही. टोळीत नर किती आणि आजूबाजूला चिंपांझींची दाटी किती, याच्याशी तो बसला.

युगांडातल्या न्गोगोच्या जंगलात कुणी कधी केळी घातली नव्हती. तिथल्या भल्या मोठ्या टोळीने दहा वर्षांत शेजारच्यांचे जवळजवळ वीस बळी घेतले आणि २००९ मध्ये त्यांची जमीन व्यापली. त्यांचं क्षेत्र २२ टक्क्यांनी वाढलं. नव्या जागेत फळझाडं होती, टोळीच्या पोटाला जास्त मिळू लागलं.

## एकूण हिशेब काय?

स्पेनचे होसे मारिया गोमेझ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १,०२४ सस्तन प्रजातींतल्या ४० लाखांहून अधिक मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. सरासरी निघाली ०.३ टक्के. म्हणजे हजार सस्तन प्राणी मेले तर त्यांतले तीन आपल्याच प्रजातीच्या हातून. जवळपास ६० टक्के प्रजातींत अशी एकही नोंद नव्हती. सगळ्यात वरचा क्रमांक मात्र लांडग्याचा नाही, सिंहाचाही नाही. तो गोजिरवाण्या दिसणाऱ्या मीरकॅटचा आहे, जवळपास १९ टक्के.

माकडं आणि वानरकुळातल्या प्राण्यांत हे प्रमाण सरासरीपेक्षा वर जातं. माणूस त्याच कुळातला, म्हणून वंशवृक्षातल्या त्याच्या जागेवरून त्यांनी अंदाज बांधला: माणूस ही प्रजाती अवतरली तेव्हा शंभरातले सुमारे दोन मृत्यू माणसाच्या हातून होत असावेत. इतिहासात कधी कधी हा आकडा कितीतरी वर गेला. आजचं चित्र वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ४,५८,००० खून झाले. युद्धातले मृत्यू त्यात नाहीत. वर्षाला ६ कोटींहून जास्त माणसं मरतात, त्यात हे शंभरात एकही भरत नाहीत. नुसते आकडे घेतले तर आजचा माणूस कितीतरी प्राण्यांपेक्षा सौम्य ठरतो.

संख्येनेच युद्ध मोजायचं तर मुंग्यांकडे पाहावं लागेल. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या शेजारच्या वसाहतीशी हद्दीवरून लढतात आणि दोन्हीकडच्या ढिगाने मरतात. अर्जेंटिनाहून कॅलिफोर्नियात पोचलेल्या मुंग्यांच्या प्रचंड वसाहतींच्या सीमांवर अशी लढाई कायम चालू असते. पण मुंगीची वसाहत म्हणजे जवळजवळ एकच कुटुंब. लढणाऱ्या मुंग्या स्वतः सहसा प्रजननही करत नाहीत. माणसाशी तुलना इथेच संपते.

## मग माणसाचं वेगळं ते काय?

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम हिंसेचे दोन प्रकार करतात: भडक्यात झालेली आणि ठरवून केलेली. चिंपांझी पहिल्या प्रकारात आपल्याहून शेकडो पटींनी पुढे आहेत. त्यांच्यात चापटी, चावे, आदळआपट रोजची असते. माणसाचा भडका त्या मानाने फार कमी उडतो. ठरवून मारण्यात मात्र माणूस अव्वल आहे आणि हे आजकालचं नाही. केन्यातल्या तुर्काना सरोवराजवळ नाटारुक इथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी एकाच वेळी मारलेल्या निदान २७ माणसांचे सांगाडे सापडले. त्यांत बायका आणि मुलंही होती.

पण ‘ठरवून’ एवढ्याने फरक पुरा होत नाही. ठरवून तर कासाकेलाचे चिंपांझीही गेले होते. ते आठ जण होते आणि समोर एक होता. बरोबरीची टोळी दिसली की चिंपांझी आरडाओरडा करतात आणि मागे फिरतात. माणूस स्वतः मरण्याची दाट शक्यता असतानाही पुढे जातो, कारण मागे फिरलं तर शिक्षा असते, लाज असते, आणि पुढे गेलं तर मान असतो. तो अशा लोकांना मारू शकतो ज्यांना त्याने कधी पाहिलेलंही नाही. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर गेलेल्या विमानात १२ माणसं होती. खालच्या एकाही माणसाशी त्यांचं वैयक्तिक भांडण नव्हतं. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली.

आणि आपल्याकडच्या एका प्रकाराला तर निसर्गात कुठेच जोड नाही. मुलीने जातीबाहेर प्रेम केलं म्हणून तिला, नाहीतर त्या मुलाला, घरच्यांनी मारणं. जानेवारी २०१३ मध्ये नगर जिल्ह्यात सोनईजवळ तीन दलित तरुणांची हत्या झाली. त्यांच्यातल्या एकाचे सवर्ण मुलीशी प्रेमसंबंध होते. २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत मुलीच्या घरचे लोक होते. त्याच वर्षी ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की आपल्या मनाने लग्न करणाऱ्यांसाठी सुरक्षित निवारे उभारा. स्वतःच्या लेकीला घरच्यांपासून लपवायला सरकारी निवारा लागावा, एवढी ही गोष्ट आपल्यात मुरलेली आहे.

वानराचा हिशेब इथे लावून पाहा. वानर परक्याची पिल्लं मारतो, स्वतःची नाही. उंदरीण कधी आपली पिल्लं खाते, पण ती बहुधा जगण्याजोगी नसतात किंवा तिला ती पोसवणार नसतात. धडधाकट, वाढवलेली, स्वतःचा जोडीदार शोधलेली मुलगी मारण्यात बापाचा कुठलाच नैसर्गिक फायदा नाही. त्याचा वंशही त्यातून वाढत नाही. हे केवळ लोक काय म्हणतील यासाठी होतं. अबूची म्हातारी वानरी दुसऱ्यांच्या पिल्लासाठी जिवावर उदार झाली होती. तिच्या शेजारी हे ठेवून पाहिलं की ‘जनावरंसुद्धा असं करत नाहीत’ हे वाक्य या एका ठिकाणी अक्षरशः खरं आहे असं म्हणावं लागतं.

त्याच वेळी, कुणाला मारणं चूक आहे असं परक्या माणसाबद्दलही म्हणणारा, त्यासाठी साक्षीपुरावे गोळा करणारा, मेलेल्याच्या बाजूने वर्षानुवर्षं खटला चालवणारा प्राणीही माणूसच आहे. गोडीसाठी त्या जंगलात असं काही झालं नाही.

## ‘रक्तातच असेल तर माणसाला दोष कसा द्यायचा?’

हा प्रश्न मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. उत्तराचा पहिला भाग जीवशास्त्रातच आहे. चिंपांझी आपल्याला जितका जवळचा, बोनोबो नावाचा त्याचा भाऊबंद तितकाच जवळचा. काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी, दक्षिणेला बोनोबो. २०१४ च्या त्याच अभ्यासात बोनोबोंच्या चार टोळ्याही होत्या. तिथे संशयास्पद अशी एकच हत्या निघाली. बोनोबोंचे नर भांडतात, एकमेकांना मारतातही, पण माद्यांची एकजूट भक्कम असते आणि दोन टोळ्या भेटल्या तर बऱ्याचदा एकत्र बसून खातात. मग आपल्या रक्तात कोण आहे म्हणायचं?

दुसरा भाग माणसांच्याच आकड्यांत आहे. जपानमध्ये लाख लोकांमागे वर्षाला अर्धाही खून होत नाही. भारतात २०२२ मध्ये पोलिसांनी खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवले, लाखामागे साधारण दोन. एल साल्वाडोरमध्ये २०१५ साली हेच प्रमाण लाखामागे शंभराच्या वर होतं आणि नंतर काही वर्षांतच ते खूप खाली आलं. मधल्या काळात तिथल्या लोकांची जनुकं बदलली नव्हती.

आणि माणसाला सोडून द्या, माकडांमध्येही हे बदलू शकतं. केन्यात रॉबर्ट सापोल्स्की बबून माकडांच्या एका टोळीचा अभ्यास करत होते. १९८० च्या दशकात त्या टोळीतले सगळ्यात आक्रमक नर जवळच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर खायला जायचे. दुसऱ्या टोळीशी भांडून तिथे जागा मिळवायची हिंमत त्यांच्यातच होती. तिथल्या दूषित मांसातून क्षयाची लागण झाली आणि ते नर मेले. मागे माद्या आणि मवाळ नर उरले. टोळीतली मारझोड एकदम कमी झाली. बबूनचे नर वयात आले की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातात, त्यामुळे १९९३ पर्यंत त्या जुन्या मवाळ नरांपैकी एकही तिथे राहिला नव्हता. सगळे बाहेरून, नेहमीच्या भांडकुदळ टोळ्यांतून आलेले होते. तरी टोळीची रीत तशीच राहिली. एरवी बबूनच्या टोळीत नव्या नराला माद्या बराच काळ जवळ येऊ देत नाहीत आणि जुने नर त्याला बडवतात. इथे माद्या त्याच्याजवळ लवकर जायच्या, त्याच्या अंगातले किडे वेचायला बसायच्या, आणि काही महिन्यांत तोही इतरांसारखा वागू लागायचा.